160 पैकी 124 : गरोदरपण, कोविड आणि उशीर

जुलै 2020 मध्ये ब्राझीलमधल्या काही प्रसूतितज्ज्ञांनी एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. कोविडमुळे दगावलेल्या गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांचे जगभरातून तोवर जेवढे मृत्यू नोंदले गेले होते, त्यांची बेरीज 160 भरत होती. त्यातले 124 एकट्या ब्राझीलमधले होते.

असा आकडा वाचला की पहिली शंका मोजणीची येते, आणि ती रास्त आहे. ब्राझीलमध्ये गंभीर श्वसनविकाराच्या रुग्णांची देशव्यापी नोंद आधीपासून ठेवली जात होती आणि त्या अर्जात रुग्ण गरोदर आहे का, बाळंतीण आहे का, असा रकाना होता. इतरत्र हा रकाना रिकामा राहत होता. अमेरिकेतसुद्धा 2020 मध्ये बाधित म्हणून नोंदलेल्या प्रजननवयातल्या स्त्रियांपैकी जेमतेम एक-तृतीयांश जणींच्या बाबतीत त्या गरोदर आहेत की नाहीत एवढं तरी लिहिलेलं होतं. ज्याने मोजलं त्याच्याकडे मृत्यू जास्त दिसणार, हे उघड आहे.

पण त्याच टिपणात पुढे जे आहे, ते मोजणीवर ढकलता येत नाही. गंभीर आजारी म्हणून नोंद झालेल्या 978 जणींपैकी 124 गेल्या. गेलेल्यांपैकी 22.6 टक्के स्त्रियांना आयसीयूत खाटच मिळाली नाही. 14.6 टक्के स्त्रियांना श्वासासाठी कसलाही यांत्रिक आधार मिळाला नाही. म्हणजे यातल्या प्रत्येक सात जणींमागे एक जण, दम कोंडत असताना, कुठल्याही यंत्राशिवाय गेली. विषाणू सगळ्या जगात एकच होता. ही टक्केवारी त्याच्या अंगच्या गुणांनी ठरलेली नाही.

तरीही शरीरापासूनच सुरुवात करायला हवी, कारण गरोदर बाई आणि न्यूमोनिया ही जोडी मुळातच अवघड आहे. गर्भाशय वाढतं तसं श्वासपटल साधारण 4 सेंटिमीटर वर सरकतं. श्वास सोडल्यानंतरही फुफ्फुसात जी हवा शिल्लक राहते, तो आपला राखीव साठा. गरोदरपणाच्या शेवटी तो सुमारे एक-पंचमांशाने घटतो. उलट ऑक्सिजनची गरज जवळपास तेवढ्याच प्रमाणात वाढते. मिळकत तीच, खर्च वाढलेला आणि गल्ल्यातली शिल्लक कमी, अशी ही अवस्था. एरवी निरोगी बाईला ती जाणवतही नाही. फुफ्फुसं सुजली की मात्र ती बघता बघता खालावते. त्यात गरोदरपणी रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि कोविडही गुठळ्या करतो. 2009 च्या स्वाइन फ्लूत हे दिसलंच होतं: अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर स्त्रिया सुमारे 1 टक्का, आणि त्या साथीच्या मृत्यूंमध्ये 5 टक्के.

इथे एक बारीक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. गरोदर बाई नेहमीपेक्षा खोल श्वास घेते, त्यामुळे तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड एरवीपेक्षा कमी असतो. इतर माणसांत त्याचा दाब 40 च्या आसपास, तिच्यात 30 च्या. आता कोविड वॉर्डात धाप लागलेली आठव्या महिन्यातली बाई आहे आणि रक्ताच्या तपासणीत आकडा आला 40. छापील कागदावरच्या 'नॉर्मल'च्या रकान्यात तो अगदी नीट बसतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की ती थकली आहे, तिचा श्वास कमी पडू लागला आहे आणि व्हेंटिलेटरची तयारी करायची वेळ झाली आहे. ऑक्सिमीटरचंही असंच. एरवी 92-93 वर निभावून नेता येतं, पण पोटात बाळ असेल तर 95 च्या खाली जाऊ द्यायचं नाही, असा दंडक आहे. हे ज्याला ठाऊक नाही, तो चांगला डॉक्टर असूनही काही मोलाचे तास घालवून बसतो. आणि दम लागणं हे गरोदरपणाचं नेहमीचंच लक्षण असल्यामुळे, 'या दिवसांत व्हायचंच' म्हणून घरीही दोन दिवस निघून जातात.

मातामृत्यूंचा अभ्यास करणारे फार पूर्वीपासून तीन उशीर सांगतात: दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, तिथे पोचायला उशीर आणि पोचल्यावर योग्य उपचार मिळायला उशीर. ब्राझीलमध्ये तिसरा उशीर ठळक होता आणि तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही. तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात गंभीर आजारी गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांपैकी गोऱ्या स्त्रियांत मृत्यू 8.9 टक्के होते आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत 17 टक्के. कृष्णवर्णीय स्त्रिया दाखल झाल्या तेव्हाच अधिक खालावलेल्या होत्या. जाता जाता एक नोंद: 2020 च्या डिसेंबरात अमेरिकेतून एक निष्कर्ष आला की बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याची चूक अधिक वेळा करतो. ब्राझीलच्या आकड्यांत त्याचा वाटा किती, हे त्या अभ्यासातून निघत नाही. पण 95 चा दंडक ज्या यंत्रावर पाळायचा, तेच यंत्र सगळ्यांशी सारखं वागत नव्हतं, हे डोक्यात ठेवावं.

महाराष्ट्राचं या विषयात एक खरं योगदान आहे. मुंबईतली आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि नायर रुग्णालय यांच्या पुढाकाराने, राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं जोडून, बाधित गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांची 'प्रेगकोविड' ही नोंदणी उभी राहिली. जून 2021 मध्ये आयसीएमआरने 1,530 स्त्रियांची माहिती मांडली. पहिल्या लाटेत मृत्यूचं प्रमाण 0.7 टक्के होतं, दुसऱ्या लाटेत 5.7 टक्के. लक्षणं असलेल्या स्त्रियाही 14.2 वरून 28.7 टक्क्यांवर गेल्या. पहिल्या लाटेत आपल्याकडे प्रसूतीसाठी येणाऱ्या प्रत्येकीची तपासणी होत असे, त्यामुळे लक्षणं नसलेल्या अनेक जणी यादीत होत्या. हा फरक पदरात धरूनही दुसरी लाट भयंकर होती यात शंका राहत नाही. विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार आला होता आणि एप्रिलमध्ये खाटांसाठी फोन फिरवण्यात रात्री जात होत्या.

ब्राझीलमध्ये तोवर विषाणूचा गॅमा हा प्रकार पसरला होता. जानेवारी 2021 मध्ये मनौस शहरातल्या रुग्णालयांतला ऑक्सिजन संपला. एप्रिलमध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाचे अधिकारी राफाएल कामारा यांनी शक्य असेल त्या स्त्रियांनी दिवस राहणं थोडं पुढे ढकलावं, असं जाहीरपणे सुचवलं. सरकारकडून आलेला हा सल्ला वाचून मला आजही चीड येते. ज्या देशात मोठ्या संख्येने गरोदरपणं ठरवून होत नाहीत, तिथे तो सल्ला द्यायचा कुणाला? जी आधीच सातव्या महिन्यात आहे, तिने काय पुढे ढकलायचं? दर लाख जिवंत जन्मांमागचे मातामृत्यू तिथे 2019 मध्ये 58 च्या घरात होते. 2021 मध्ये ते 110 च्या वर गेले. अमेरिकेतही हेच प्रमाण 20.1 वरून 32.9 वर पोचलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगात 2 लाख 82 हजार मातामृत्यू झाले आणि 2021 मध्ये 3 लाख 22 हजार. वाढलेल्या 40 हजारांत सगळ्या जणी विषाणूनेच गेल्या असं नाही. बंद पडलेल्या सोयींमुळे, उच्च रक्तदाब वेळेत न कळल्यामुळे, रक्तस्रावात गाडी न मिळाल्यामुळे गेलेल्याही त्यात आहेत. नेपाळमधल्या नऊ रुग्णालयांच्या पाहणीत टाळेबंदीच्या काळात तिथली बाळंतपणं निम्म्याहून खाली आली होती. बाया बाळंत व्हायच्या थांबल्या नव्हत्या, त्या घरीच होत होत्या.

आता लस. 2020 मधल्या मोठ्या चाचण्यांत गरोदर स्त्रियांना घेतलंच नव्हतं. पोटातल्या बाळाला इजा होऊ नये हा त्यामागचा हेतू. पण त्याची परिणती अशी झाली की माहिती नाही म्हणून शिफारस नाही, आणि शिफारस नाही म्हणून लस नाही. भारतात लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं. गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली 2 जुलैला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली. परवानगीनंतरही 'पोटुशीला कशाला टोचायचं' हा प्रश्न घरोघर होता, आणि सहा महिने सरकारी सूचनाच तसं सांगत असल्यावर त्यात सासूबाईंचा दोष काढण्यात अर्थ नाही. इकडे स्कॉटलंडच्या आकडेवारीत डिसेंबर 2020 ते ऑक्टोबर 2021 या काळात अतिदक्षता विभागात गेलेल्या बाधित गरोदर स्त्रियांपैकी 98 टक्के जणींनी लस घेतलेली नव्हती.

फायझरने गरोदर स्त्रियांसाठीची वेगळी चाचणी सुरू केली ती फेब्रुवारी 2021 मध्ये. 4 हजार जणी घ्यायचं ठरलं होतं, मिळाल्या साडेतीनशेच्या आसपास. तोवर अनेक देशांत गरोदर स्त्रियांना लस द्यायला सुरुवात झाली होती, आणि अशा वेळी निम्म्या जणींना तुलनेसाठी लसीऐवजी नुसतं खारं पाणी टोचून वाट बघायला लावणं योग्य ठरलं नसतं. लस सुरक्षित असल्याचा पहिला मोठा दिलासा आला तो चाचणीबाहेरून. अमेरिकेत डिसेंबर 2020 ते फेब्रुवारी 2021 या काळात लस घेऊन, त्यानंतर फोनवरून आपली तब्येत कळवत राहिलेल्या 35 हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांकडून.