क्लार्क वायचं पोट, 535 ची पाठ : जुन्या ढंगाच्या ग्लायडरच्या रिबमागची पार्श्वभूमी

जुन्या ढंगाचं मॉडेल ग्लायडर बांधायला घेतलं की नाकाची गोलाई, पिवळसर पारदर्शक कव्हरिंग किंवा पोटाखालची लाकडी स्किड यांवरून फारसं कुणी भांडत नाही. भांडण पेटतं ते रिबवरून, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्टीवरून. एक जण म्हणतो, सेक्शन (पंख आडवा कापला तर दिसणारा आकार; त्याची खालची बाजू पोट, वरची पाठ) त्या काळातलाच हवा, नाहीतर ते नुसतं सोंग. दुसरा म्हणतो, हवेला तारीख कळत नाही, मग चांगला सेक्शन का टाकू नये? दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात, की जुन्या लोकांनी ते सेक्शन हवेसाठी निवडले होते. माझ्या मते निम्म्या वेळा तरी ते बांधकामाच्या पाटासाठी, म्हणजे जोडणी सोपी जावी म्हणून निवडले होते.

फार मागे जायचं कारण नाही. 1804 मध्ये इंग्लंडात उडालेल्या पहिल्या मॉडेल ग्लायडरचा पंख पतंगासारखा सपाटच होता. 1884 मध्ये तिथेच बाकदार पंखछेदांचं पेटंट निघालं आणि 1889 मध्ये जर्मनीत पक्ष्यांच्या पंखांच्या मोजमापांवर एक पुस्तक आलं. पुढची पंचवीसएक वर्षं पंख म्हणजे वाकवलेला पातळ पत्रा, असंच चाललं. ताकद तारांनी आणि खांबांनी द्यायची, मग पंखाला जाडी कशाला? पहिल्या महायुद्धाच्या शेवटीशेवटी जर्मनीतल्या गटिंगनच्या वातबोगद्यात जाड सेक्शनचं नशीब उघडलं, आणि आपला विषय खरा तिथून सुरू होतो.

युद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनच्या विमानांवर बंधनं घातली. तरुण पोरं ऱ्होनच्या डोंगरावर, वासरकुप्पेला जमू लागली. 1920 पासून तिथे दर उन्हाळ्यात ग्लायडरचे मेळावे भरायला लागले. 1922 च्या ऑगस्टमध्ये हानोव्हरच्या विद्यार्थ्यांच्या ग्लायडरने तिथे आधी तासाभराचं आणि मग काही दिवसांतच तीन तासांचं उड्डाण केलं. त्या ग्लायडरचा पंख जाड होता आणि आत एकच मुख्य स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी तुळई) होता. बाहेर तार नको असेल तर स्पारला उंची हवी, आणि स्पारला उंची हवी तर सेक्शन जाड हवा. लाकूडकामाचं हे साधं गणित पुढची तीस वर्षं टिकलं.

गटिंगनच्या आकड्यांबद्दल एक गैरसमज इथेच निस्तरतो. गटिंगन 535 या सेक्शनच्या नावातला 535 हा नुसता अनुक्रमांक आहे. बोगद्यात सेक्शन ज्या क्रमाने तपासले, त्या क्रमाने आकडे पडले. 1930 च्या दशकात आलेल्या अमेरिकन चार-आकडी मालिकेत आकडाच आकार सांगतो : 2412 म्हणजे कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागे मोजलेल्या रुंदीच्या) 2 टक्के बाक, तो नाकापासून 40 टक्क्यांवर आणि जाडी 12 टक्के. ती सवय लागलेले लोक 535 मध्येही अर्थ शोधत बसतात, पण तिथे काही नाही. 535 ची जाडी 16 टक्क्यांच्या आसपास, पाठ चांगली फुगलेली, पोट मागच्या बाजूला खोलगट. 1931 साली सायलेशियातल्या ग्रुनाऊ गावात जन्मलेल्या ‘ग्रुनाऊ बेबी’ला हाच सेक्शन होता. ते ग्लायडर हजारोंनी बनलं, देशोदेशी गेलं आणि 535 म्हणजेच ‘जुनं ग्लायडर’ हे समीकरण डोक्यात बसलं. मोठ्या पल्ल्याच्या यंत्रांना 549 असायचा. तो जरा पातळ, 14 टक्क्यांच्या जवळपास. हा फरक प्लॅन काढणाऱ्यांच्याही ध्यानात नसतो.

आता क्लार्क वाय. आपल्याकडच्या मैदानांवर कुठलाही सपाट पोटाचा पंख दिसला की तो ‘क्लार्क वाय’. थर्माकोल तारेने कापून केलेला असो की सनबोर्ड दुमडून, नाव एकच. ज्यांचा शब्दांवर कटाक्ष असतो तेसुद्धा इथे सैल सुटतात. खरा क्लार्क वाय 1922 चा, अमेरिकेतला, जाडी 11.7 टक्के. तो काढणाऱ्या अभियंत्याने गटिंगन 398 ची जाडीची वाटणी घेतली आणि पोट सपाट केलं. म्हणजे ‘आम्ही क्लार्क वाय लावत नाही, अस्सल गटिंगनच’ असं छाती फुगवून सांगणारे लेकाला नाकारून बापाचा जयजयकार करत असतात. सपाट करण्यामागे हवेपेक्षा सोयच जास्त होती. प्रोपेलरच्या पात्याचा कोन मोजताना पट्टी टेकवायला सपाट जागा मिळते आणि पंख टेबलावर ठेवून जोडता येतो. 1927 मध्ये एकट्याने न थांबता अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानालाही हाच सेक्शन होता. त्यानंतर त्याची कीर्ती काय वाढली हे सांगायला नको.

मॉडेलवाल्यांना तर हा सेक्शन आंदणच मिळाला. प्लॅन पाटावर पसरायचा, त्यावर मेणकागद, मग ट्रेलिंग एज (पंखाची मागची कड), खालचा स्पार आणि रिबा उभ्या करून टाचण्या मारायच्या. पोट सपाट असेल तर पंख आपोआप सरळ येतो. खोलगट पोटाच्या रिबेखाली मात्र पाचर लावावी लागते, आणि प्रत्येक रिबेखाली ती सारख्या मापाची नसली तर पंखाला पीळ पडतो. 1930 आणि 40 च्या दशकांतल्या कितीतरी प्लॅनवर ‘क्लार्क वाय’ असं छापलेलं आहे, पण रिब कापून मापं ताडून पाहिली तर ती क्लार्क वायची नसतात. कुणी नाक गोल केलंय, कुणी जाडी 10 टक्क्यांवर आणलीय, तर कुणी फ्रेंच कर्व्हने हाताला येईल तशी पाठ काढलीय.

शिवाय खरा क्लार्क वाय पूर्ण सपाट नसतोच. पोट मागून पुढे सपाट येतं आणि कॉर्डच्या साधारण 30 टक्क्यांपासून नाकाकडे वर वळतं. नाकाचं टोक सपाट रेषेच्या 3.5 टक्के वर असतं. गोंधळ होतो तो इथेच. कोन कुठून मोजायचा? हल्लीच्या तक्त्यांतले आकडे नाक ते शेपूट या कॉर्डच्या रेषेवरून दिलेले असतात, तर बांधणारा पोटाला पट्टी लावून मोजतो. या दोन रेषांत बरोब्बर 2 अंशांचं अंतर आहे. जुन्या प्लॅनवर ‘पंख 0 अंश’ असं लिहिलेलं असतं तेव्हा तो शून्य पोटाचा असतो. खऱ्या हिशेबाने पंख 2 अंश वर बघत असतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. 2.4 मीटरच्या एका जुन्या धाटणीच्या ग्लायडरला मी नवीन पंख केला, सेक्शन आधुनिक, एसडी 7037. प्लॅनवर 0 लिहिलं होतं म्हणून कॉर्ड इमानदारीत 0 वर बसवली. तळजाईच्या पठारावर हातातून सोडलं, तर ते सरळ गवतात. दुसऱ्यांदाही तेच. सीजी (गुरुत्वमध्य) मागे घे, शेपटीला वजन लाव, असे सल्ले भोवती जमलेल्यांनी दिलेच. एका निवृत्त सद्गृहस्थांनी मात्र पट्टी मागितली, पंखाखाली धरली आणि विचारलं, “आधी पोट सपाट होतं ना?” मग चार आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक चिकटवून लीडिंग एजखाली (पंखाच्या पुढच्या कडेखाली) सरकवल्या. 22 सेंटीमीटरच्या कॉर्डला 8 मिलीमीटर म्हणजे 2 अंश. ग्लायडर शहाण्यासारखं तरंगत गेलं. त्या काड्या अजून तशाच आहेत, फक्त वर वॉर्निश मारलंय.

आता आकाराकडे. खऱ्या ग्रुनाऊ बेबीची सरासरी कॉर्ड मीटरभराहून थोडी जास्त. ताशी 60 किलोमीटरला तिचा रेनॉल्ड्स अंक (वेग आणि कॉर्ड यांवरून हवा पंखाशी कशी वागेल ते सांगणारा आकडा; पंख जितका लहान आणि सावकाश तितका तो कमी) 12 लाखांच्या घरात जातो. तीच एक-चतुर्थांश मापात केली तर कॉर्ड 26 सेंटीमीटर, वेग सेकंदाला 10 मीटर आणि अंक पावणेदोन लाख. पंखाच्या निमुळत्या टोकाला तर लाखाच्याही खाली. आणि दीड मीटरचं खेळण्यासारखं ग्लायडर असेल तर सगळा पंखच 60-70 हजारांवर. त्या आकड्याला 535 सारख्या जाड सेक्शनच्या पाठीवरून हवा सुटते आणि पुन्हा चिकटत नाही. प्लॅनवर 16 टक्के जाडी दिमाखात दिसते, हवेत मात्र तो पंख पोत्यासारखा वागतो.

हे मोजमापाने कळायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं. 1940 च्या सुमाराला जर्मनीत मॉडेलच्या वेगावर मुद्दाम चाचण्या झाल्या. एका निश्चित अंकाच्या खाली जाड सेक्शन एकदम कोसळतो, तर पातळ वाकवलेली पट्टी तिथेही शाबूत राहते, हे त्यांतून दिसलं. म्हणजे 1890 चा वाकलेला पत्रा लहान मॉडेलसाठी बरोबरच होता! नाकाजवळ दोरा चिकटवून हवा मुद्दाम खवळवायची, म्हणजे ती पाठीला धरून राहते, ही युक्तीही याच काळात रुजली. जुन्या टिश्यू-डोपच्या (पातळ कागद आणि त्याला ताणून घट्ट करणारं वॉर्निशसारखं द्रव्य) पंखांवर हे काम काही अंशी आपोआप व्हायचं. रिबांमध्ये टिश्यू खाली बसलेला, पाठीवर स्पारच्या कडा वर आलेल्या. ज्याला आपण ढिसाळ काम म्हणतो ते कधीकधी पंखाला तारून न्यायचं. त्याच प्लॅनवर आज कुणी पाठ बाल्साने गुळगुळीत मढवतो आणि मग ‘मूळ मॉडेल इतकं चांगलं कसं उडायचं?’ म्हणून डोकं खाजवतो.

1950 च्या दशकात फ्री-फ्लाइट (सोडल्यावर हाती नियंत्रण नसलेल्या) ग्लायडरवाले पातळ आणि खोल पोटाच्या सेक्शनकडे वळले. 50 मीटरच्या दोरीने वर न्यायचं आणि सोडून द्यायचं, वेग एकच, त्यामुळे त्यांना ते परवडायचं. रेडिओ कंट्रोल आल्यावर ग्लायडरला वाऱ्याविरुद्ध परत यायची पाळी आली आणि खोल पोट नडू लागलं. मग स्टुटगार्टहून संगणकावर काढलेले सेक्शन आले. ई 193, ई 205, ई 387 ही नावं त्या पिढीला घरच्या माणसांसारखी. 1980 च्या दशकात जर्मनीतच एचक्यू मालिका निघाली. तिच्या नावातच मजकूर असतो : 3/14 म्हणजे 3 टक्के बाक, 14 टक्के जाडी. मोठ्या स्केल ग्लायडरवाल्यांनी ती उचलून धरली, कारण जाडी राखूनही ती पळायची. त्याच दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या बोगद्यात हौशी लोकांनी हाताने बांधून पाठवलेल्या पंखांच्या चाचण्या झाल्या आणि 1989 मध्ये आकडे छापून आले. एसडी 7037 त्यातलाच, जाडी जेमतेम 9.2 टक्के. तेव्हापासून ‘कुठला सेक्शन?’ या प्रश्नाला मैदानावर चटकन मिळणारं उत्तर हेच असतं.

जुन्या मॉडेलची चळवळही साधारण याच काळात जोर धरत होती. ब्रिटनमध्ये 1950 अखेरपर्यंतची डिझाइन्स, अमेरिकेत 1942 अखेरपर्यंतची, अशा सीमारेषा ठरल्या. त्या स्पर्धांसाठी बांधायचं तर वादच नाही, प्लॅनवरचीच रिब कापायची. वाद आहे तो ‘जुन्या ढंगाच्या’ ग्लायडरचा. ते कुठल्याच एका यंत्राची नक्कल नसतं. तिथे नियम नाही, त्यामुळे प्रत्येक जण स्वतःच परीक्षक.

अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की 1930 चं ‘फाफनिर’ अस्सल की नाही? 19 मीटरचा, गल पक्ष्यासारखा मध्येच वाकलेला गल-पंख, त्या दशकातल्या सगळ्या देखण्या ग्लायडरांचा पूर्वज. मुळाशी गटिंगन 652, मध्ये 535 आणि टोकाला क्लार्क वाय. जर्मनांच्या मिरवायच्या यंत्रावर टोकाला अमेरिकन सेक्शन! टोकाकडे कॉर्ड निमुळती होते, तिथे जाडी आणि बाक कमी केलेला बरा, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आपण मात्र मुळापासून टोकापर्यंत 535 ओढत नेतो आणि त्याला निष्ठा म्हणतो.

खोल पोटाची आणखी एक घरगुती अडचण आहे. टिश्यूच्या काळात पोटाला कागद ओला करून, प्रत्येक रिबेला डोप लावून चिकटवायचे. आताची कव्हरिंग फिल्म इस्त्रीने ताणली जाते आणि ताणली की सरळ रेषेत यायला बघते. एप्रिलच्या दुपारी गाडीच्या डिकीत पंख ठेवून पाहा. मैदानावर काढाल तेव्हा पोटाची फिल्म रिबा सोडून टणक ताठ झालेली असते, आणि तुमचा गटिंगन फुकटात क्लार्क वाय झालेला असतो.

म्हणून हल्ली मी तीन मीटरच्या वरच्या पंखाला 549 घेतो, बाक जवळपास तसाच ठेवून जाडी 12 टक्क्यांवर आणतो आणि टोकाच्या तिसऱ्या हिश्शात हळूहळू सपाट पोटाकडे जातो. दोन मीटरच्या आत असेल तर गटिंगनचं नावच काढत नाही. लेझरने कापलेल्या रिबांना आता खालून टेकूच्या पट्ट्या जोडूनच येतात, त्यामुळे पाचरीची कटकट संपली आणि पोट कसंही असलं तरी पंख सरळ बसतो. सपाट पोटाचं शंभर वर्षांपूर्वीचं कारण खरं तर उरलेलं नाही. तरी परवा एका ओळखीच्याने मागवलेला ‘1930 च्या धाटणीचा’ किट उघडून बसलो, तर आतल्या अठराच्या अठरा रिबा सपाट, आणि डब्यावर ठळक अक्षरांत ‘अस्सल गटिंगन’.