टायमिंग बेल्ट ओरडत नाही

"आवाज येत नाही ना, मग कशाला बदलायचा?" टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनच्या आतल्या हालचालींचा मेळ ठेवणाऱ्या पट्ट्याचा, विषय निघाला की गॅरेजमध्ये हे वाक्य हमखास कानावर पडतं. सकाळी गाडी सुरू करताना जो चिरका आवाज येतो, तो बहुतेक वेळा बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर फिरवणाऱ्या बाहेरच्या बेल्टचा. लोक त्याला अजूनही फॅन बेल्टच म्हणतात. तो घसरतो म्हणून किंचाळतो. टायमिंग बेल्टला दाते असतात, तो पुलीच्या खाचांत बसून फिरतो. त्यामुळे जायची वेळ आली की तो बहुधा काहीच न सांगता तुटतो, नाहीतर त्याचे दातेच सोलून निघतात.

त्याचं काम एवढंच, की पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की हवा-धुराचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅमशाफ्टचा बरोबर एक व्हावा. म्हणून वरच्या पुलीला दुप्पट दाते. खालच्या पुलीला २० दाते असतील आणि बेल्ट एकच दाता सरकला, तरी क्रँकच्या मापाने १८ अंशांची चूक झाली. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बऱ्याच इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह जिथे उतरतो, तिथेच थोड्या वेळाने पिस्टन येतो. जागा एकच, वेळा वेगळ्या. डिझेलमध्ये तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर हेडपर्यंत, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणापर्यंत, जेमतेम मिलिमीटरभर फट उरते.

बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. क्रँक मात्र थांबत नाही, कारण गाडी गिअरमध्ये असते आणि चाकंच इंजिन फिरवत असतात. व्हॉल्व्हची दांडी असते पाच-सहा मिलिमीटर जाडीची. ती वाकते. मग हेड उतरवा, आणि बिल बेल्टच्या कितीतरी पट.

मला खरी गंमत वाटते ती बेल्टच्या आतल्या मालाची. दातेरी बेल्टची पहिली मोठ्या संख्येने निघालेली गाडी जर्मनीची, १९६२ ची ग्लास १००४. नुसतं रबर ताणलं जाईल आणि टायमिंग चुकेल, म्हणून आत काचतंतूंचे दोरे असतात. व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंग कॅमला अडवते, मिटताना तीच त्याला पुढे ढकलते. म्हणजे बेल्टवरचा ताण एकसारखा नसतो, तो सतत हिसके खात असतो आणि दोरे त्यानेच थकतात. वरच्या रबराचा शत्रू वेगळा. नायट्राइल रबराच्या रेणूसाखळीत अधूनमधून कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका तिथे घाव घालतो. हायड्रोजन जोडून हे बंध जवळजवळ संपवले की एचएनबीआर नावाचं रबर तयार होतं. आजचे बरेच बेल्ट त्याचे. ते उष्णता आणि ओझोन दोन्ही जास्त सोसतात. म्हणूनच पाठीवर भेग दिसली नाही, एवढ्यावरून बेल्ट ठीक आहे असं म्हणता येत नाही.

आता किलोमीटरचा हिशेब. बेल्ट मोजतो फेरे, मीटर मोजतो अंतर. तासभर सिग्नलला आणि कोंडीत ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, उभी असलेली गाडी ४८,००० फेरे करते. हायवेवर ताशी १०० ला २५०० आरपीएम धरले, तर तेवढ्या फेऱ्यांत ३२ किलोमीटर होतात. पुण्यातल्या ऑफिसच्या गाडीचे ६०,००० किलोमीटर आणि पुणे-नागपूर करणाऱ्या गाडीचे ६०,००० एकच नव्हेत. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. जे आधी भरेल ते धरायचं. उभ्या गाडीचं रबरही म्हातारं होतंच. ऑइल सील गळून बेल्टवर तेल येत असेल, तर मुदतीची वाटच पाहू नका.

दर शनिवारी बंपरचं लिंबू-मिरची न चुकता बदलणारी मंडळी इथे मात्र "अजून वर्षभर जाईल" म्हणतात. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते. "चेन आयुष्यभर टिकते" ही तशीच समजूत. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेनही ढिली पडते.

सेकंडहँड गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याची नोंद नसेल, तर लगेच बदला. सोबत बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट दाखवणारी आयडलर पुलीही. वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण मजुरीचा मोठा भाग उघडण्या-जोडण्यातच जातो. आणि नवा बेल्ट "बघा, किती लवचिक आहे" म्हणत कुणी पिळून किंवा घडी घालून दाखवला, तर तो बसवून घेऊ नका. आतले काचतंतू तिथेच मोडलेले असू शकतात.