रिकॉइल बफर व स्प्रिंगचा ताण

स्पर्धेच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा झटका (रिकॉइल) व आतली आदळआपट आवरण्याचे हे दोन उपाय. गोळी सुटताच स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे येते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि रिकॉइल स्प्रिंगच्या जोरावर पुढे जाताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत सरकवते. स्लाइड पूर्ण मागे असताना स्प्रिंग जितकी रेटते, तो तिचा ताण. तो पौंडांत सांगतात. जॉन ब्राउनिंगने घडवलेल्या .45 बोअरच्या 1911 पिस्तुलाची नेहमीची स्प्रिंग 16 पौंडांची, म्हणजे सुमारे 7.3 किलोची. सौम्य काडतुसे वापरणारे नेमबाज ती 12 पौंडांपर्यंत उतरवतात.

स्प्रिंग हलकी की झटका कमी, हा समज अर्धाच खरा. फार हलकी असली तर स्लाइड फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यावर, आदळते. फार जड असली तर स्लाइड पुरती मागे येत नाही, पुंगळी अडकते आणि मिटणाऱ्या स्लाइडमुळे नळीचे तोंड खाली झुकते. स्टँडर्ड पिस्तूल या स्पर्धाप्रकारात शेवटच्या फैरींत 10 सेकंदांत 5 गोळ्या झाडायच्या असतात. तिथे हे झुकणे महागात पडते. अंदाज पुंगळ्यांवरून येतो: पायाशी पडल्या तर स्प्रिंग जड, लांब भिरकावल्या गेल्या तर हलकी. मग मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून झाडावे. मॅगझिन रिकामे होताच स्लाइड मागेच थांबली, तर स्प्रिंग फार जड नाही.

बफर ही पॉलियुरेथेनची पातळ चकती. ती स्प्रिंगच्या दांड्यावर बसते आणि लोखंडावर लोखंड आदळू देत नाही. झटका तिने फारसा कमी होत नाही. चुकीची स्प्रिंग झाकायला ती वापरू नये. चिरा पडताच बदलावी, तुकडा आत अडकला तर पिस्तूल ऐन स्पर्धेत बंद पडते.

भारतात .45 आणि 9 मिमी बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. त्यामुळे सातारा-कराडकडच्या नेमबाजाला हा प्रश्न मुख्यतः .22 पिस्तुलात भेटतो. एअर पिस्तुलावर शिकणाऱ्याला नाहीच. जवळच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले, तो 25 मीटर प्रकारही .22चाच. या पिस्तुलांत अनेकदा बफर बोल्टच्या (स्लाइडचेच काम करणाऱ्या आतल्या सरकत्या तुकड्याच्या) मागे असतो, आणि जादा वेगाची काडतुसे त्याला लवकर खातात. डिसेंबरातल्या साताऱ्याच्या पहाटे घट्ट झालेले तेल किंवा माण-खटावची बारीक धूळ बोल्टची चाल मंदावते, अगदी जड स्प्रिंग बसवल्यासारखी. तेव्हा स्प्रिंगला हात लावण्याआधी बोल्ट सरकतो त्या खाचा पुसून पातळ तेल द्यावे.