कुफरी पुखराज : पिवळ्या गराचा बटाटा लावण्यापूर्वी

रब्बीच्या तोंडावर मंचरला आमच्या दुकानात बेण्यासाठी येणारे बहुतेक शेतकरी ‘लवकर निघणारा आणि वजनाला भरणारा’ बटाटा मागतात. त्यांना आम्ही कुफरी पुखराज देतो, पण आधी एक प्रश्न विचारतो: माल विकणार कुठे? भाजीच्या बाजारात ताजा माल न्यायचा असेल, तर हा वाण डोळे झाकून घ्या. वेफर्सच्या कारखान्याला द्यायचा असेल, तर आमच्याकडे असूनही आम्ही तो देणार नाही.

सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने पुखराज १९९८ मध्ये प्रसारित केला. क्रेग्ज डिफायन्स आणि जेक्स/बी-६८७ यांच्या संकरातून तो तयार झाला आहे. बटाटा मोठा, लांबट-गोल, एका टोकाला किंचित निमुळता. साल पिवळसर आणि गुळगुळीत, डोळे उथळ, त्यामुळे सोलताना नासाडी कमी. गर पिवळा. हा रंग ल्यूटिनसारख्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा असतो. माल रंगवला आहे का, असे गिऱ्हाईक विचारते तेव्हा हे बिनधास्त सांगावे.

पीक ७० ते ९० दिवसांत तयार होते. उत्तरेच्या मैदानी भागात हेक्टरी ३५ ते ४० टन उत्पादन निघते. आपल्याकडची थंडी आखूड असते, म्हणून तोच आकडा धरून हिशेब मांडू नका.

गरात पाणी जास्त आणि घन पदार्थ कमी, हा पुखराजचा स्वभाव. त्यामुळे रस्सा, काचऱ्या, पोह्यातल्या फोडी यांत तो शिजूनही आकार धरून राहतो. वड्याच्या सारणाला मात्र कोरडा, भुसभुशीत बटाटा बरा. वेफर्सला तर हा नकोच: तेल जास्त पितो आणि साखरेमुळे तळताना काळपट पडतो.

बेणे. घरचेच बेणे वर्षानुवर्षे वापरले की उत्पादन घसरत जाते. मावा ही रस शोषणारी कीड एका झाडावरचा विषाणू दुसऱ्यावर नेते आणि तो रोग बटाट्यातूनच पुढच्या पिकात उतरतो. पंजाबात ऑक्टोबर ते डिसेंबर मावा कमी असतो. त्या काळात बेण्याचे पीक वाढवून, मावा वाढण्याआधी पाला कापून टाकतात. म्हणून आम्ही जालंधरकडचे बेणे आणतो.

शीतगृहातून आलेला कट्टा (बेण्याची गोणी) लगेच शेतात नेऊ नका. १० ते १५ दिवस सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून ठेवा. आखूड, जाड, हिरवट कोंब आले की बेणे तयार. लांब पांढरे कोंब म्हणजे उजेड कमी पडला. ३० ते ५० ग्रॅमचा बटाटा अख्खा लावावा. मोठा कापायचा झाल्यास प्रत्येक फोडीवर किमान २ डोळे ठेवा आणि विळी मधूनमधून पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवा. फोडी लिटरला २.५ ग्रॅम मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या द्रावणात १० मिनिटे बुडवून सावलीत सुकवाव्यात. खरिपात ओल्या जमिनीत फोडी सडतात, तेव्हा अख्खेच बेणे लावा. एकरी १० ते १२ क्विंटल लागते.

लागवड. आमचा आग्रह रब्बीचाच: १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. रात्रीचे तापमान १६ ते २० अंशांच्या दरम्यान असले की बटाटा चांगला धरतो. उशीर केला तर पोसायच्या वेळी उन्हाचा तडाखा बसतो. जमीन भुसभुशीत, निचऱ्याची हवी. पुखराजचा बटाटा वेगाने फुगतो, अंतर फार ठेवले की अवाढव्य होतो आणि असा माल घरगुती गिऱ्हाईक बाजूला सारते. दोन वरंब्यांत ६० आणि दोन झाडांत २० सेंटिमीटर अंतर पुरे. खत माती परीक्षणाप्रमाणे द्या. पालाशात (पोटॅशमध्ये) काटकसर नको. नत्र अर्धे लागवडीला, अर्धे भर लावताना, म्हणजे वरंब्याला माती चढवताना.

भर लावणे हे या पिकातले सर्वांत मोलाचे काम, आणि मजूर मिळत नाहीत म्हणून नेमके तेच राहते. २५ ते ३० दिवसांनी वरंब्याला चांगली माती चढवा. उघडा पडलेला बटाटा उन्हाने हिरवा होतो. त्यात सोलॅनिन तयार होते, चव कडू लागते आणि तो खाण्यालायक राहत नाही. बटाट्यावरची पाकोळीही (छोटा पतंग) मातीच्या भेगांतून उघड्या बटाट्यापर्यंत पोचते आणि तिची अळी गर पोखरते. भर नीट असेल तर दोन्ही नुकसान टळते. पाणी हलके, पण वेळच्या वेळी द्या. वरंबा बुडवू नका.

पुखराज लवकर येणाऱ्या करपा रोगाला चांगले तोंड देतो. उशिरा येणाऱ्या करप्याला मात्र तो पूर्ण प्रतिकारक नाही. ढगाळ, दमट हवा आणि सकाळचे धुके दिसले की डाग पडण्याची वाट न पाहता मॅन्कोझेब फवारा. पाने काळी पडल्यावर फवारणीला धावपळ करून फारसे हाती लागत नाही.

काढणी. काढणीआधी ८ ते १० दिवस पाणी तोडा, पाला कापा आणि साल पक्की होऊ द्या. अंगठ्याने घासल्यावर साल सुटत असेल तर अजून थांबा. कोवळ्या सालीचा माल गोणीतच खरचटतो. पुखराज टिकायला मध्यम आहे. भाव वाढेल या आशेने तो अरणीत (शेतावरच झाकून ठेवलेल्या ढिगात) महिनोन्महिने दडपू नका. थोडे दिवस ठेवायचाच झाला तर अरण सावलीत करा, कापलेला आणि पोखरलेला माल आधी वेगळा काढा आणि वरून पाचटाचा जाड थर द्या.

बेण्याची नोंदणी सप्टेंबरमध्ये करावी. कट्टा घेताना दुकानातच उघडून पाहा. ओला किंवा वास येणारा बटाटा दिसला तर तो कट्टा आम्ही तिथेच बदलून देतो.