जुन्या गाड्यांची करमाफी: ब्रिटनमधील एका सवलतीची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला आज वाहनकर पडत नाही. १ एप्रिल २०२५ पासून १ जानेवारी १९८५ पूर्वी बनलेल्या गाड्या या सवलतीत आल्या आणि ही सीमारेषा दर वर्षी एकेका वर्षाने पुढे सरकते. ती तीस वर्षांवर, किंवा पूर्वीप्रमाणे पंचवीस वर्षांवर आणावी, अशी मागणी जुन्या गाड्यांचे शौकीन अधूनमधून करतात, आणि त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. १९९० च्या सुमाराची, १,५४९ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाची गाडी बाळगणाऱ्याला २०२५-२६ मध्ये वर्षाला ३६० पौंड कर भरावा लागतो, मग ती गाडी वर्षाकाठी दोन मेळाव्यांपुरती बाहेर पडो की रोज कामावर जावो. तरीही ही मागणी रेटण्याआधी ही माफी मिळाली कशी, गोठली कशी आणि परत आली कशी, हे नीट पाहायला हवे, कारण आज मागणीच्या बाजूने केले जाणारे काही युक्तिवाद या इतिहासापुढे टिकत नाहीत.

त्यातला सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद असा की, आम्ही रस्ता जवळजवळ वापरतच नाही, मग रस्त्याचा कर का भरायचा? ‘रोड टॅक्स’ हे नाव ब्रिटिशांच्या तोंडी इतके रुळले आहे की हा रस्त्यांसाठीचाच कर आहे, असे कोणालाही वाटावे. सुरुवात तशीच झाली होती. १९०९ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी मोटारींवर अश्वशक्तीनुसार कर आणि पेट्रोलवर गॅलनमागे ३ पेन्स असा बोजा टाकला, तेव्हा ते उत्पन्न रस्ते सुधारण्यासाठी वेगळे ठेवण्याची हमी त्यासोबत होती. १९२० च्या कायद्याने त्याला ‘रोड फंड’ हे रूप दिले, आणि १ जानेवारी १९२१ पासून कर भरल्याची गोल कागदी चकती गाडीवर लावणे सक्तीचे झाले. परंतु पाच-सहा वर्षांतच अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी या निधीतील रक्कम सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीकडे वळवायला सुरुवात केली. १९३७ मध्ये कराचा आणि निधीचा थेट संबंध तुटला आणि १९५५ मध्ये तो निधीच गुंडाळण्यात आला. तेव्हापासून हा कर रस्त्याच्या वापराचे भाडे राहिलेला नाही. रस्त्यावर आणण्याजोगी गाडी बाळगण्याबद्दल सरकार घेत असलेला तो महसूल आहे. ‘रस्ता वापरत नाही म्हणून कर नको’ हे म्हणणे अर्थखात्यात कोणाला पटत नाही ते यामुळेच.

या कराचे जुन्या गाड्यांशी आणखी एक नाते आहे, आणि मला ते या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९२१ च्या पद्धतीत प्रत्येक अश्वशक्तीमागे १ पौंड कर होता, पण ही अश्वशक्ती इंजिन प्रत्यक्षात किती जोर देते हे मोजून ठरत नसे. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि २.५ ने भागायचे, असे ते सूत्र होते. पिस्टन वरखाली किती अंतर जातो, याला त्या सूत्रात स्थानच नव्हते. फोर्ड मॉडेल टीच्या चार सिलिंडरांचा व्यास ३.७५ इंच होता. हिशोब केला की अश्वशक्ती साडेबावीस निघते आणि मालकाला वर्षाला २३ पौंड भरावे लागत. १९२२ मध्ये आलेल्या ऑस्टिन सेव्हनला मात्र ८ पौंडांत भागत असे. परिणामी ब्रिटिश कारखान्यांनी अरुंद सिलिंडर आणि पिस्टनची लांब धाव असलेली इंजिने बनवण्याचा मार्ग धरला. १९३५ मध्ये हा दर अश्वशक्तीमागे १५ शिलिंगांवर, म्हणजे पाऊण पौंडावर, उतरला, आणि १९४८ मध्ये नव्या गाड्यांसाठी सरसकट १० पौंडांचा दर आला, तोवर ही घडण पक्की झाली होती. दोन महायुद्धांमधल्या काळातली ब्रिटिश गाडी आज मेळाव्यात उभी असते, तेव्हा तिच्या बॉनेटखाली हा करच धातूच्या रूपात पाहायला मिळतो. अशा गाड्या जपण्याला सार्वजनिक मोल आहे, असे म्हणायला याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

हे मोल लोकांनी सरकारच्या कितीतरी आधी ओळखले. १८९६ च्या कायद्याने मोटारींवरची जाचक बंधने सैल झाली तेव्हा लंडनहून ब्रायटनला काढलेल्या फेरीची आठवण १९२७ मध्ये पुन्हा जागवली गेली. १९३० मध्ये व्हेटरन कार क्लब आणि १९३४ मध्ये व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन झाला. पुढे १९८८ मध्ये असंख्य क्लबांना एकत्र आणून सरकारदरबारी बोलणारा महासंघ उभा राहिला. करात मात्र जुन्या गाडीला खास स्थान मिळायला १९९५ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. अर्थमंत्री केनेथ क्लार्क यांनी त्या अर्थसंकल्पात पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्यांना करमाफी जाहीर केली, आणि ही मुदत दर वर्षी आपोआप पुढे सरकणार होती.

ही सवलत जेमतेम दोन-अडीच वर्षे सरकली. मजूर पक्षाचे सरकार आले आणि १९९८ च्या वित्त कायद्याने माफीची रेषा १ जानेवारी १९७३ वर गोठवली. त्यापूर्वी बनलेली गाडी कायमची मुक्त झाली. त्यानंतरची कितीही म्हातारी झाली तरी तिला कर चुकणार नव्हता. एमजीबीसारखी गाडी १९६२ ते १९८० असे अठरा वर्षे एकाच कारखान्यात बनत होती. डिसेंबर १९७२ मध्ये बाहेर पडलेली एमजीबी करमुक्त आणि जानेवारी १९७३ मधली करपात्र, इंजिन दोन्हींचे तेच १,७९८ सीसीचे. विक्रीच्या जाहिरातींत ‘करमुक्त’ हा शब्द रंगाच्या आणि मायलेजच्या पंगतीत जाऊन बसला. अशा रीतीने जो फरक गाडीत नव्हता तो कायद्याने गाडीला चिकटवला, आणि मालकांच्या मनात सुमारे सोळा वर्षे सलत राहिलेला अन्याय हाच होता.

ही कोंडी २०१३ मध्ये फुटू लागली. अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी आधी रेषा एका वर्षाने पुढे नेली, म्हणजे एप्रिल २०१४ पासून १ जानेवारी १९७४ पूर्वीच्या गाड्या सुटल्या, आणि पुढच्याच अर्थसंकल्पात सरकती पद्धत परत आणली. मात्र मुदत पंचवीसची चाळीस झाली होती. अनेकांनी ही तडजोड अपुरी मानली. मला ती शहाणपणाची वाटते, आणि त्याचे कारण नेदरलँड्समध्ये सापडते.

तिथेही पंचवीस वर्षांनंतर कर माफ होता, आणि डच वाहनकर मुळात भारी, त्यातही डिझेल गाड्यांचा अधिकच भारी. परिणाम व्हायचा तोच झाला: शेजारच्या देशांतून जुन्या, दणकट डिझेल गाड्या आणून लोक त्या रोजच्या प्रवासाला वापरू लागले. वारशासाठी ठेवलेली सवलत स्वस्त वाहतुकीची सोय बनली. १ जानेवारी २०१४ पासून डच सरकारने पूर्ण माफीची मर्यादा चाळीस वर्षांवर नेली. मधल्या वयाच्या पेट्रोल गाड्यांना पाव कर आणि त्यावर १२० युरोंची कमाल मर्यादा अशी संक्रमणकालीन सोय ठेवली, पण डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीत गाडी रस्त्यावर आणायची नाही या अटीवर. जुन्या डिझेल मोटारींना ती सोयसुद्धा मिळाली नाही. मोजक्या लोकांनी घेतलेल्या गैरफायद्याचा फटका जिवापाड जपलेल्या गाड्यांच्या मालकांना बसला, आणि हातची सवलत पंधरा वर्षांनी मागे गेली.

जर्मनीने सुरुवातीपासून दुसरी वाट धरली. १९९७ च्या जुलैपासून तिथे तीस वर्षांहून जुन्या गाडीला क्रमांकाच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळू शकते. मात्र गाडी मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत आहे, हे तज्ज्ञाने तपासून लिहून द्यावे लागते. कर माफ होत नाही, तर इंजिन कितीही मोठे असले तरी वर्षाला १९१.७३ युरो असा एकच आकडा भरावा लागतो. मालक काहीतरी भरतो आणि गाडीची परीक्षा होते, त्यामुळे या सवलतीकडे कोणी आयती पळवाट म्हणून पाहत नाही. ती इतकी वर्षे टिकली आहे ती माझ्या मते म्हणूनच.

ब्रिटनमध्ये अशी परीक्षा नाही. तिथे सगळा भार तारखेवर आहे. चाळिशी गाठली की माफी आपोआप लागत नाही, मालकाला नोंदणीपत्र घेऊन पोस्टात जावे लागते, गाडीचा वर्ग ‘ऐतिहासिक’ असा बदलून घ्यावा लागतो आणि पुढे दर वर्षी शून्य पौंडांचा का होईना, कर ‘भरावा’ लागतो. नोंदणीपत्रावर तारीख असते ती नोंदणीची, बनण्याची नव्हे. बनण्याची तारीख ठाऊक नसेल तर ८ जानेवारीपूर्वी नोंदलेली गाडी आदल्या वर्षात बनली असे मानले जाते. पण १९८४ च्या शरद ऋतूत बनून विक्रेत्याच्या आवारात हिवाळाभर उभी राहिलेली आणि मार्चमध्ये विकली गेलेली गाडी असेल तर मालकाला पुरावा शोधावा लागतो. अनेक जुन्या ब्रिटिश कंपन्यांची उत्पादन-दप्तरे गेडन येथील मोटार संग्रहालयात जपलेली आहेत. तिथून मिळणाऱ्या दाखल्यावर चासी क्रमांक, मूळ रंग आणि कारखान्यात गाडी पूर्ण झाल्याचा दिवस नमूद असतो. अशा एका ओळीवर वर्षभराचा कर ठरतो.

आता या वर्गाला केवळ कराचा अर्थ उरलेला नाही, आणि सध्याच्या मागणीत नेमकी हीच बाब दुर्लक्षिली जाते. लंडनमध्ये ८ एप्रिल २०१९ रोजी अतिकमी उत्सर्जन क्षेत्र सुरू झाले आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून ते सगळ्या उपनगरांपर्यंत पसरले. निकषात न बसणाऱ्या गाडीला तिथे दिवसाला १२.५० पौंड पडतात, पण ‘ऐतिहासिक’ करवर्गातील गाड्यांना ते माफ आहेत. म्हणजे करमाफीची मर्यादा तीसवर आणली, तर १९९० च्या दशकातल्या हजारो साध्या गाड्यांना, त्यांत रोज धावू शकतील अशा डिझेल गाड्याही आल्या, या क्षेत्रात मोकळी वाट मिळेल. ते होऊ द्यायचे नसेल तर सरकारला दोन सवलतींमधली गाठ सोडवावी लागेल, आणि एकदा ती सुटली की आज निर्धास्तपणे लंडनमध्ये येणाऱ्या १९६० च्या गाडीचेही संरक्षण चर्चेचा विषय होईल. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना २० मे २०१८ पासून वार्षिक तपासणीतून मिळालेली सूटही त्याच चर्चेत ओढली जाणे अवघड नाही.

म्हणून सरसकट तीस वर्षांची माफी मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या गाड्या तीस ते चाळीस वर्षांच्या आहेत त्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. गाडी रस्त्यावर नसल्याचे जाहीर करून तेवढ्या महिन्यांचा कर वाचवण्याची सोय त्यांना आजही आहे. पण महिन्यातून एकच रविवार गाडी काढणाऱ्याला ती उपयोगी पडत नाही. त्यांच्यासाठी अंतराशी बांधलेला कमी दर मागता येईल: वर्षाकाठी ठरावीक मैलांची मर्यादा, तपासणीत नोंदलेला मीटरचा आकडा हा पुरावा, आणि जर्मनीप्रमाणे गाडी मूळ रूपात असल्याची अट. तीस ते चाळीस वयाच्या गाड्यांची वार्षिक तपासणी तशीही होते, तिच्यात मीटरची नोंदही होते, त्यामुळे नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पाने विजेवरच्या गाड्यांना एप्रिल २०२८ पासून मैलामागे ३ पेन्स आकारण्याचे जाहीर केले, तेव्हा अंतरावर कर ही कल्पना ब्रिटिश अर्थखात्याने स्वतःच स्वीकारली आहे. तिचे नियम येत्या दोन वर्षांत आकाराला येतील, आणि थोडे चालणाऱ्या जुन्या गाडीची बाजू मांडायची ती त्याच काळात.