औद्योगिक हरितगृह वायू उत्सर्जन व हवामान उद्दिष्टे : मराठवाडा

तंत्रज्ञान-उत्पादने बनवणाऱ्या कंपनीमुळे वातावरणात जाणाऱ्या हरितगृह वायूंचा वार्षिक हिशोब आणि ते घटवण्यासाठी कंपनीने मुदतीसह जाहीर केलेले लक्ष्य, हा या नोंदीचा विषय. मराठवाड्यात तो मुख्यतः छत्रपती संभाजीनगरच्या पट्ट्याशी निगडित आहे. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथे वाहने, सुटे भाग व विद्युत उपकरणांचे कारखाने आहेत, तर शेंद्रा-बिडकीन येथे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ‘ऑरिक’ ही वसाहत विकसित होत आहे.

हिशोबाची सर्वमान्य पद्धत ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ने २००१ मध्ये घालून दिली. तीत उत्सर्जनाचे तीन ‘स्कोप’ मानतात. कारखान्याच्या आवारात जळणारे इंधन आणि होणारी वायुगळती स्कोप १ मध्ये येते, तर विकत घेतलेली वीज स्कोप २ मध्ये. कच्चा माल, वाहतूक, ग्राहकाने वस्तू वापरताना खर्च केलेली ऊर्जा आणि अखेरीस होणारे भंगार, हे सारे स्कोप ३ मध्ये मोडते. सर्व वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य टनांत, म्हणजे तेवढीच तापमानवाढ करणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या वजनात, मोजले जातात.

मोजणीला लागणारी कागदपत्रे कारखान्यात आधीपासूनच असतात. वीजबिलावरील एक लाख युनिट म्हणजे सुमारे ७० टन, कारण देशाच्या ग्रिडमध्ये दर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो. डीजी सेटमध्ये (डिझेल जनरेटरमध्ये) जळलेले एक लिटर डिझेल सुमारे २.७ किलो भरते. सहज नजरेतून सुटतो तो सबस्टेशनच्या स्विचगियरमधला, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांतला, सल्फर हेक्झाफ्लोराइड हा विद्युतरोधक वायू. त्याची एक किलो गळती साडेतेवीस टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीची, म्हणजे पावणेनऊ हजार लिटर डिझेल जाळल्यासारखी. कॉम्प्रेस्ड हवेची गळतीही अशीच दुर्लक्षित. मशीन बंद असताना शॉपफ्लोअरवर कान दिला तर ती ऐकू येते, आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर वीज खातच राहतो.

परळी वैजनाथचे कोळशावरील औष्णिक केंद्र याच विभागात आहे. तरी वाळूजच्या कारखान्याने वापरलेली वीज परळीची म्हणून मोजत नाहीत. २०१३ अखेरपासून देशाचे ग्रिड एकच असल्याने राष्ट्रीय सरासरी लावतात. परळीचा धडा वेगळाच आहे. २०१५ मध्ये पाणी नसल्याने हे केंद्र बंद ठेवावे लागले. अशा दुष्काळी प्रदेशात छतावरचे सौर पॅनल किंवा ओपन ॲक्सेसने, म्हणजे ग्रिडमार्गे थेट उत्पादकाकडून, घेतलेली सौरवीज पाण्याच्या दृष्टीनेही शहाणपणाची ठरते. हा फायदा उत्सर्जनाच्या अहवालात दिसत नाही, पण मराठवाड्याने तो मोजलाच पाहिजे.

उद्दिष्ट वाचताना आधी आधारवर्ष, म्हणजे घट कोणत्या वर्षाच्या तुलनेत मोजली आहे ते, पाहावे आणि मग घट एकूण उत्सर्जनातली आहे की उत्पादनामागची, हे तपासावे. दर गाडीमागे उत्सर्जन घटले आणि गाड्यांची संख्या दुप्पट झाली, तर एकूण उत्सर्जन वाढूही शकते. म्हणून एकूण घटीचे लक्ष्यच भरवशाचे. कंपन्यांची हवामान लक्ष्ये तपासणाऱ्या ‘सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह’ या संस्थेच्या २०२१ च्या नेट-झिरो (निव्वळ शून्य उत्सर्जन) मानकानुसार कंपनीने २०५० पर्यंत उत्सर्जन साधारण ९० टक्के घटवायचे असते; झाडे लावून किंवा कार्बन क्रेडिट (दुसऱ्याने केलेल्या घटीचे श्रेय) विकत घेऊन ही घट भागवता येत नाही. भारताचे नेट-झिरो वर्ष २०७० आहे. ॲपलने २०२० मध्ये संपूर्ण पुरवठासाखळीसह २०३० पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचे जाहीर केले. इलेक्ट्रॉनिक्समध्ये उत्सर्जनाचा मोठा वाटा पुरवठादारांकडे असल्याने अशा घोषणांचा भार शेवटी त्यांच्यावर येतो.

वाळूजमधले पावडर कोटिंगचे किंवा प्रेस पार्ट्सचे छोटे युनिट हे कुणाचे तरी स्कोप ३ असते. भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सर्वांत मोठ्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाच्या जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला. त्यात स्कोप १ व २ आवश्यक आहेत, स्कोप ३ मात्र ऐच्छिक. पुरवठादारांची माहिती देणेही २०२५ मध्ये ऐच्छिक करण्यात आले. त्यामुळे लहान उद्योजकाकडे उत्सर्जनाचा प्रश्न कायद्यातून नव्हे, तर मोठ्या ग्राहकाने पाठवलेल्या एक्सेल शीटमधून पोहोचतो. सौर पॅनलचा खर्च मात्र बहुधा त्यालाच पेलावा लागतो. लक्ष्य जाहीर करणाऱ्या कंपनीने भागाच्या दरात किंवा दीर्घ मुदतीच्या ऑर्डरमध्ये त्या खर्चाला जागा दिली, तरच ही घट वाळूजच्या शेडपर्यंत उतरते.