गोळी तीच, राष्ट्राध्यक्ष वेगळा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्या वाहिन्यांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक वाक्य हमखास फिरू लागतं: अमुक निवडून आला तर तिकडे गर्भपातावर बंदी येणार, तमुक आली तर बंदी उठणार. 2024 सालीही हेच झालं. हे वाक्य चूक आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला एका सहीने गर्भपातावर देशभर बंदी घालता येत नाही आणि राज्यांनी घातलेली बंदी उठवताही येत नाही. ज्या 5 नोव्हेंबरला डोनाल्ड ट्रम्प निवडून आले, त्याच दिवशी दहा राज्यांत गर्भपाताच्या हक्कावर थेट मतदान झालं आणि सात राज्यांत हक्काच्या बाजूने कौल गेला. त्यात मिसुरी आणि माँटाना ही ट्रम्प यांना भरभरून मतं देणारी राज्यंही होती. फ्लोरिडात तर 57 टक्के लोकांनी होकार दिला, पण तिथे 60 टक्क्यांची अट असल्यामुळे ठराव पडला.

मग राष्ट्राध्यक्ष कोण आहे याने काही फरक पडत नाही का? पडतो, आणि फार खोलवर पडतो. एक वाट बहुतेकांना माहीत असते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि सिनेट त्यांना मान्यता देतं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत गॉर्सच, कॅव्हनॉ आणि बॅरेट असे तीन न्यायाधीश नेमले गेले. 1973 च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने गर्भपाताला दिलेलं घटनात्मक संरक्षण 24 जून 2022 रोजी ‘डॉब्स’ निकालाने काढून घेतलं, तेव्हा हे तिघेही बहुमतात होते. त्या दिवसापासून प्रत्येक राज्य आपापला कायदा करायला मोकळं झालं.

दुसरी वाट कमी चर्चेत असते. ती जाते अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातून, म्हणजे एफडीएतून. तिचा प्रमुखही राष्ट्राध्यक्षच नेमतो. प्रजनन आरोग्यावर संशोधन करणाऱ्या गुटमाकर इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार 2023 साली अमेरिकेच्या अधिकृत आरोग्यव्यवस्थेत झालेल्या गर्भपातांपैकी 63 टक्के शस्त्रक्रियेने नव्हे, तर गोळ्यांनी झाले. म्हणजे ही गोळी कोणी द्यायची, कितव्या आठवड्यापर्यंत द्यायची, टपालाने पाठवायची की नाही, हे ठरवणाऱ्या कागदावर आज निम्म्याहून जास्त गर्भपात अवलंबून आहेत. त्या गोळीचं नाव मिफेप्रिस्टोन. ती शरीरात काय करते हे समजलं, तर त्या कागदावरच्या एकेका आकड्याचं वजन कळतं.

सुरुवात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकापासून, म्हणजे हार्मोनपासून, करू. अंडाशयातून अंड बाहेर पडलं की मागे उरलेल्या पोकळीचा पीतपिंड बनतो. हा पिवळसर गोळा प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतो. गर्भ राहिला नाही तर तो पंधरवड्यात सुकतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं, गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि पाळी येते. गर्भ राहिला तर पीतपिंड टिकतो. त्याचं प्रोजेस्टेरॉन तीन कामं एकाच वेळी करतं: अस्तर जाड आणि रक्ताने भरलेलं ठेवतं, गर्भाशयाचे स्नायू शांत ठेवतं आणि गर्भाशयाचं तोंड घट्ट मिटलेलं ठेवतं. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास हे काम हळूहळू वारेकडे जातं. सातव्या आठवड्याआधी पीतपिंड काढून टाकला तर गर्भ टिकत नाही, नवव्यानंतर काढला तरी टिकतो, हे 1970 च्या दशकात आर्पाद चापो यांच्या प्रयोगांनी दाखवून दिलं.

पण प्रोजेस्टेरॉन नुसतं रक्तात असून भागत नाही. पेशीच्या आत त्याचा संदेश वाचणारं एक प्रथिन असतं, त्याला ग्राही म्हणतात. ग्राहीत एक खोबण असते. प्रोजेस्टेरॉनचा चार कड्यांचा रेणू त्या खोबणीत बसला की ग्राहीच्या टोकाचा सर्पिल तुकडा, शास्त्रज्ञ त्याला बारावं हेलिक्स म्हणतात, वळून खोबणीवर झाकणासारखा बसतो. झाकण बसल्यावर ग्राहीच्या पृष्ठभागावर एक नवी जागा तयार होते, तिथे मदतनीस प्रथिनं येऊन चिकटतात आणि अस्तर टिकवणारी जनुकं चालू होतात.

मिफेप्रिस्टोनचा सांगाडा प्रोजेस्टेरॉनसारखाच आहे, त्यामुळे तोही त्याच खोबणीत जातो, आणि प्रोजेस्टेरॉनपेक्षा घट्ट बसतो. महत्त्वाचा फरक हा की त्याच्या अकराव्या कार्बनला एक आडदांड गट जोडलेला आहे: बेंझीनचं कडं आणि त्याच्या टोकाला नायट्रोजन. डब्यातून पळीचा दांडा बाहेर राहिला की झाकण लागत नाही, तसं इथे होतं. बारावं हेलिक्स जागेवर बसू शकत नाही, ते बाजूला ढकललं जातं. मग मदतनीस प्रथिनांऐवजी जनुकं बंद करणारी प्रथिनं येऊन चिकटतात. रक्तात प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं, तरी पेशीला त्याचा निरोप पोचत नाही.

या कथेतला माझा सर्वांत आवडता भाग इथे येतो. मिफेप्रिस्टोन कोंबडीवर आणि हॅम्स्टरवर काम करत नाही. का, याचं उत्तर 1992 साली सापडलं. ग्राही शेकडो अमिनो आम्लांची साखळी असते. माणसाच्या ग्राहीत 722 व्या जागी ग्लायसिन आहे. ग्लायसिन हे सगळ्यांत छोटं अमिनो आम्ल, त्याची बाजूची साखळी म्हणजे हायड्रोजनचा एकटा अणू. म्हणून तिथे त्या आडदांड गटाला शिरायला वाव मिळतो. कोंबडीत आणि हॅम्स्टरमध्ये त्याच जागी सिस्टीन आहे. ते थोडं मोठं, त्यामुळे औषधाला जागाच उरत नाही. संशोधकांनी मानवी ग्राहीतलं ते एक ग्लायसिन बदलून सिस्टीन घातलं, तर प्रोजेस्टेरॉन पूर्वीसारखंच बसत राहिलं, मिफेप्रिस्टोन मात्र बसेना. शेकडोंपैकी एका अमिनो आम्लावर हे सगळं उभं आहे.

आता पुढचं. निरोप थांबल्यावर अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या ढासळतात, गर्भाशयाचं तोंड मऊ होतं आणि स्नायू कळा आणणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनाला पटकन दाद देऊ लागतात. याला 24 ते 48 तास लागतात. म्हणून तेवढ्या वेळाने दुसरं औषध, मिसोप्रोस्टॉल, दिलं जातं. मिसोप्रोस्टॉल मुळात जठरातल्या अल्सरचं औषध. ते प्रोस्टाग्लँडिनसारखं काम करतं आणि गर्भाशयाला कळा आणतं. दोन्ही मिळून दहा आठवड्यांच्या आत 95 टक्क्यांहून अधिक वेळा काम पूर्ण होतं. पण आठवडे चढतात तसं यश थोडं उतरतं: सात आठवड्यांपर्यंत सुमारे 98 टक्के, दहाव्या आठवड्यात सुमारे 93. या औषधात दिवस मोजून घ्यावे लागतात ते यासाठी.

मिफेप्रिस्टोन आणि आपल्याकडे जाहिरातीत दिसणारी आय-पिल यांची गल्लत करू नये. आय-पिलमधलं लिव्होनॉर्जेस्ट्रेल अंड बाहेर पडणं लांबवतं. गर्भ राहिल्यावर त्याचा काही उपयोग नाही. आणि पपई, अननस, तिळाचा काढा यांनी ‘दिवस मोकळे होतात’ हे तर निव्वळ घातक सांगणं आहे. त्या काढ्यांवर गेलेला आठवडा परत मिळत नाही.

आता याच गोळीच्या कागदाचा इतिहास पाहा. फ्रान्समधल्या रूसेल-उक्लाफ कंपनीत 1980 साली हा रेणू तयार झाला, तेव्हा शोध चालला होता कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाला रोखणाऱ्या औषधाचा. 1988 मध्ये फ्रान्सने परवानगी दिली. थोरल्या बुश यांच्या काळात, 1989 साली, कोणी स्वतःच्या वापरासाठी ही गोळी परदेशातून आणण्यावरही अमेरिकेने बंदी घातली. क्लिंटन यांनी पदावर आल्याबरोबर, जानेवारी 1993 मध्ये, फेरविचाराचा आदेश दिला आणि सप्टेंबर 2000 मध्ये एफडीएची मान्यता मिळाली: 600 मिलिग्रॅम, सात आठवड्यांपर्यंत, दवाखान्याच्या तीन खेपा. ओबामा यांच्या काळात, 2016 मध्ये, 200 मिलिग्रॅम, दहा आठवडे, एक खेप. करोनाच्या काळात गोळी घ्यायला प्रत्यक्ष यावंच लागेल की नाही यावर ट्रम्प सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 12 जानेवारी 2021 ला जिंकलं. बायडन आले आणि एप्रिलमध्ये तीच अट स्थगित झाली, पुढे कायमची गेली. त्या तीन महिन्यांत ग्राही बदलला नव्हता, औषध बदललं नव्हतं, सुरक्षिततेची आकडेवारीही तीच होती.

हेच मिफेप्रिस्टोन 2012 पासून कुशिंग सिंड्रोम या कॉर्टिसॉलच्या आजारासाठी अमेरिकेत मान्य आहे. तिथे रुग्ण ते रोज घेतात, दिवसाला 300 ते 1200 मिलिग्रॅमपर्यंत, आणि त्याला गर्भपाताच्या 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीवर लादलेले खास निर्बंध नाहीत. निर्बंधाचं कारण रेणूत असतं, तर असं झालं नसतं. हे मला मनापासून खटकतं.

काही राज्यांत सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मुलींकडून त्यावर एक प्रश्न मला वारंवार येतो: सहा आठवडे म्हणजे दीड महिना, तेवढ्यात कळत कसं नाही? कारण ते आठवडे गर्भधारणेपासून नव्हे, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो अस्तरात रुजतो. चौथा आठवडा संपता संपता पाळी चुकते. पाळी अगदी घड्याळासारखी असेल तरी हातात दोन आठवडे उरतात. अनियमित असेल तर कधीकधी एकही नाही. आणि ‘हृदयाचे ठोके’ म्हणून ज्याचा कायद्यात उल्लेख येतो, ती त्या वेळी एका नळीतल्या पेशींची विद्युत हालचाल असते. झडपा, कप्पे अजून तयार व्हायचे असतात. सोनोग्राफीत ऐकू येणारा आवाज यंत्र तयार करतं.

ठोक्यांच्या या निकषाने काय होतं ते आपल्या भागातल्या लोकांना सांगायला नको. बेळगावच्या सविता हलप्पनवार या दंतवैद्य 2012 मध्ये आयर्लंडमध्ये 17 आठवड्यांच्या गर्भवती होत्या. गर्भ आपोआप पडणं अटळ आहे हे डॉक्टरांना माहीत होतं, पण ठोके चालू होते म्हणून गर्भाशय रिकामं केलं नाही. संसर्ग रक्तात पसरला आणि त्या 31 व्या वर्षी गेल्या. अमेरिकेत अशा प्रसंगी तातडीच्या उपचारांचा केंद्रीय कायदा रुग्णाच्या मदतीला येतो. जीव वाचवायला गर्भपात लागला तर तो करावा, असं बायडन सरकारने 2022 मध्ये रुग्णालयांना कळवलं होतं. ट्रम्प सरकारने जून 2025 मध्ये ते पत्र मागे घेतलं. कायदा जागेवर आहे, पण रात्री दोन वाजता वकिलाला फोन लावणाऱ्या डॉक्टरचा आधार गेला.

निवडणुकीचा परिणाम अमेरिकेबाहेरही मोजता येतो. परदेशी संस्थेने गर्भपाताचा सल्ला जरी दिला तरी तिचा अमेरिकी निधी बंद, हा नियम रेगन यांनी 1984 मध्ये आणला. तेव्हापासून डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष तो काढतो आणि रिपब्लिकन पुन्हा लावतो: 1993, 2001, 2009, 2017, 2021, 2025. आफ्रिकेतल्या 26 देशांच्या 1995 ते 2014 च्या माहितीचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. या निधीवर जास्त अवलंबून असलेल्या देशांत नियम लागू असताना गर्भपात सुमारे 40 टक्क्यांनी वाढले, गर्भनिरोधकांचा वापर सुमारे 14 टक्क्यांनी घटला, आणि नियम उठल्यावर दोन्ही उलटले. ज्या संस्थांचा पैसा थांबला, त्याच गोळ्या, इंजेक्शनं आणि कॉपर-टी पुरवत होत्या.

‘मिफेप्रिस्टोन घेतल्यावर प्रोजेस्टेरॉन घेतलं की गर्भपात उलटवता येतो’ असं सांगणं अनेक अमेरिकी राज्यांत डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक केलं आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी याची रीतसर चाचणी सुरू केली आणि 12 स्त्रियांनंतर ती थांबवावी लागली. तिघींना इतका रक्तस्राव झाला की रुग्णवाहिका बोलवावी लागली. एक प्रोजेस्टेरॉन घेणारी, दोघी औषध नसलेली गोळी घेणाऱ्या. उपचार अर्धवट सोडणं, म्हणजे पुढचं मिसोप्रोस्टॉल न घेणं, हाच धोका होता.

महाराष्ट्रातही कागद आणि शरीरशास्त्र यांची फारकत होते. 2012 च्या बीडमधल्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर लिंगनिवड रोखण्याच्या नावाखाली या गोळ्यांवर इतकी कडक नजर आली की कित्येक केमिस्टांनी त्या ठेवणंच सोडलं. आपल्याकडे गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच देता येतात, आणि सोनोग्राफीत लिंग खात्रीने दिसतं ते बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर.

अमेरिकेत 2025 मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी एफडीएला मिफेप्रिस्टोनचा पुन्हा आढावा घ्यायला सांगितलं. शिवाय 1873 चा कॉमस्टॉक कायदा पुस्तकात आहेच. गर्भपाताची वस्तू टपालाने पाठवणं त्यात गुन्हा आहे. बेकायदा वापराचा हेतू असेल तरच तो लागू होतो, असा अर्थ बायडन यांच्या न्याय खात्याने लावला. तो अर्थ बदलायला संसदेची गरज नाही. समजा दहा आठवड्यांची मर्यादा पुन्हा सात झाली आणि तीन खेपा परत आल्या. पाचव्या आठवड्यात चाचणी केलेली, शेजारच्या राज्यात गाडीने जावं लागणारी, कामावर रजा मिळायला आठवडा लागणारी बाई आठव्या आठवड्यात दवाखान्यात पोचेल. तिच्या ग्राहीवर औषध अजून तितक्याच खात्रीने बसणार असेल, आणि तिला शस्त्रक्रियेची तारीख दिली जाईल.